बंदूक गेली, कॅमेरा आला: वयाबरोबर शिकाऱ्याचं मन कसं बदलतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ५४, राहणं नाशिकला इंदिरानगरात. आठ हिवाळे कॅमेरा घेऊन नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीवर पक्ष्यांचे फोटो काढायला जाणं चालू आहे. यादीत जिल्ह्याबाहेरच्या धरून २६० च्या वर जाती, हाताशी ६०० मिमीची जड लेन्स. आणि या हिवाळ्यात काठावर पोचल्यावर बटण दाबावंसंच वाटत नाही, नुसतं बसावंसं वाटतं. आजोबा १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या आधी गोदाकाठी बदकं मारायचे, पण शेवटची काही वर्षं बारा बोअरची बंदूक गाडीतच ठेवून पाण्याकडे बघत बसायचे, असं घरात सांगतात. हे वयाचं म्हणायचं, कंटाळा म्हणायचा, की अंगातली हौसच संपली? लेन्स विकून टाकावी का? आणि पंधरा वर्षांचा मुलगा यायचं म्हणतोय, त्याला फक्त पळत जाऊन फोटो काढायचेत, त्याचं काय करावं?

लेन्स या हिवाळ्यात विकू नका, पुढच्या मार्चमध्ये ठरवा. कारण खाली येईलच.

आधी आजोबांकडे वळू, कारण त्यांच्यासारख्यांचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस इथल्या रॉबर्ट जॅक्सन आणि रॉबर्ट नॉर्टन या दोघांनी १९७० च्या दशकात हजारावर शिकाऱ्यांशी बोलून पाच टप्पे मांडले. पहिल्या टप्प्यात बार काढायला मिळाला की माणूस खूश, सावज पडो न पडो. दुसऱ्यात कोटा भरायचा: तिकडे कायद्याने दिवसाला अमुक बदकं अशी मर्यादा असते आणि तेवढी पडल्याशिवाय दिवस फुकट गेला असं वाटतं. तिसऱ्यात संख्या गौण, निवडक सावज हवं, मोठ्या शिंगांचं. चौथ्यात सावजापेक्षा पद्धत महत्त्वाची होते, म्हणजे रायफल सोडून धनुष्य घेणं, माग काढणं, दबा धरून बसणं. पाचव्यात रान, सोबत आणि तो दिवस एवढ्यावर भागतं. सावज मिळालं तर मिळालं. तुमचे आजोबा पाचव्यात होते. तुम्ही चौथ्याच्या शेवटाला आहात असं तुमच्या वर्णनावरून दिसतं.

या मांडणीचा एक गैरसमज नेहमी होतो, की वय वाढलं की माणूस आपोआप वरच्या पायरीवर जातो. तसं नाही. दोघा अभ्यासकांनीही वयाबरोबर अनुभवाची वर्षं आणि समोरचा आदर्श कोण हे धरलं होतं, आणि टप्पे गाळले जातात, माणूस मागेही येतो. आपल्याकडचा एक दाखला पुरेसा आहे. १२ नोव्हेंबर १९३८ ला भरतपूरच्या केवलादेव इथे व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो आणि सोबतच्या बंदुकवाल्यांनी एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले. तो आकडा तिथल्या दगडी फलकावर कोरलेला आजही वाचता येतो. लिनलिथगो तेव्हा ५१ वर्षांचे होते, म्हणजे जवळपास तुमच्याच वयाचे, आणि पुरते दुसऱ्या टप्प्यात. त्याच महिन्याच्या अखेरीस कुमाऊँत ६३ वर्षांचे जिम कॉर्बेट ठाकच्या नरभक्षक वाघिणीच्या मागावर होते. ती त्यांनी मारली, कारण गावं बंद पडली होती. पण हौसेसाठी त्यांच्या हातात त्याआधीच सिने कॅमेरा आला होता. एकच नोव्हेंबर, वयात बारा वर्षांचं अंतर, आणि मनाने दोघं दोन टोकांना. लिनलिथगोंना बदकं वर्षातून एखाद्या दिवशी, हाकारे घालून, बसल्या जागी पुढ्यात आणून मिळत. कॉर्बेट त्या रानात वाढले होते. मन बदलवते ती रानाशी झालेली ओळख. वय त्या ओळखीला वेळ देतं आणि शरीराच्या बाजूने धक्के देतं, इतकंच.

ओळखीचं गणित यादीत सरळ दिसतं. नांदूर मध्यमेश्वरला नवा माणूस नोव्हेंबर ते फेब्रुवारी नियमित गेला, तर पहिल्या हिवाळ्यात शंभर जाती सहज होतात. दर फेरीला पाच-दहा नव्या. तिसऱ्या वर्षी फेरीला एखादी. आठव्या वर्षी अख्ख्या हंगामात एक आली तर आली, तीही कुणीतरी ग्रुपवर टाकलेली, पन्नास गाड्या आधीच उभ्या असलेली. संख्येवर चालणारी हौस इथे उपाशी राहते. मग माणूस एकतर गाव बदलतो (राजस्थान, मग अरुणाचल, मग परदेश), किंवा भुकेचा प्रकार बदलतो. तुमची भूक बदलली आहे, संपलेली नाही. ओळखायची खूण सोपी: पहाटे साडेचारला उठून, निफाडच्या पाच-सहा अंशांच्या थंडीत जायला तुम्ही अजून तयार आहात, फक्त बटण दाबायला तयार नाही. ज्याचा कंटाळा आलेला असतो तो उठतच नाही. (जेवण, झोप, माणसं, सगळ्यातलीच गोडी काही आठवडे गेली असेल तर हा पक्ष्यांचा प्रश्न नाही, आधी डॉक्टरांना भेटा.)

कॅमेऱ्यावाल्यांना वाटतं की आपण बंदूक धरत नाही म्हणजे हे टप्पे आपल्याला लागू नाहीत. शब्दशः लागू आहेत. पहिला टप्पा म्हणजे सेकंदाला वीस फोटो काढत राहणं. तीस सेकंद बोट दाबून धरलं की ६०० फोटो. ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात एक रॉ फाइल साधारण ५० एमबी धरा, म्हणजे ३० जीबी, तेही एकाच शेकाट्या पक्ष्याचे. रविवारी दोन हजार फोटो आणि पुढचे चार दिवस रात्री ते पुसण्यात. बऱ्याच लोकांची बटणाबद्दलची नावड इथून येते: हात काठावर थकलेला नसतो, संगणकासमोर थकलेला असतो. दुसरा टप्पा यादीचा, तो तुम्ही ओलांडलाय.

तिसरा टप्पा सगळ्यात धोक्याचा. बंदूकवाल्या शिकाऱ्याचा तिसरा टप्पा त्यातल्या त्यात बरा, कारण निवडक सावज शोधणारा कमी मारतो. कॅमेऱ्याच्या बाबतीत उलट होतं. निवडक फोटो हवा म्हणजे पिल्लाला भरवतानाचा हवा, मासा तोंडात धरलेला हवा, सगळा थवा एकदम उठलेला हवा. पहिल्यासाठी माणूस घरट्याशी जातो, तिसऱ्यासाठी खडा मारतो.

घरट्याशी नेमकं काय बिघडतं ते नीट समजून घ्या, म्हणजे मुलालाही सांगता येईल. पावसाळ्याच्या तोंडाला अंजनेरी-त्र्यंबक भागात स्वर्गीय नर्तक आणि नवरंग विणीवर असतात. घरटं मोकळं दिसावं म्हणून कुणी पुढची चार पानं तोडली किंवा फांदी दोरीने बाजूला बांधली, की दुपारचं ऊन थेट पिल्लांवर येतं. पिसं न फुटलेल्या पिल्लाला स्वतःचं तापमान राखता येत नाही. आई सावली धरून बसली तर खाणं आणायला जाणार कोण? शिवाय तीच खिडकी कावळ्याला आणि भारद्वाजालाही उघडी होते. फोटो काढणारा संध्याकाळी घरी जातो, खिडकी तशीच राहते. टिटवीचं आणखी वाईट. ती उघड्या जमिनीवर चार अंडी घालते, एप्रिल-मेच्या उन्हात पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंड्यांवर सावली धरते. तुम्ही वीस फुटांवर ठाण मांडलं की ती उठून ओरडत फिरते आणि तेवढा वेळ अंडी तव्यावर. ती "पोज देतेय" असं समजून लोक आणखी पंधरा मिनिटं थांबतात.

आणि कायदा काय म्हणतो ते बहुतेक छायाचित्रकारांना माहीत नसतं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मधल्या शिकारीच्या व्याख्येत मारणं आणि पकडणं तर आहेच. पण हाकणं, आमिष दाखवणं, आणि पक्ष्यांच्या बाबतीत अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं हेही शिकारच धरलेलं आहे. अभयारण्यात शिकार केल्याची शिक्षा तीन ते सात वर्षं. नांदूर मध्यमेश्वर १९८६ पासून अभयारण्य आहे आणि २०१९ मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरलं. तेव्हा थवा उडवायला टाळ्या वाजवणारा माणूस कायद्याच्या भाषेत तुमच्या आजोबांच्याच रांगेत उभा असतो. आजोबांच्या काळात निदान परवाना मिळत असे.

घरातल्या जुन्या वस्तूंचं याच ओघात सांगतो. आजोबांची शिंगं, कातडं असं भिंतीवर काही असेल आणि त्याचं मालकी प्रमाणपत्र असेल, तर वारशाने आल्यापासून ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे घोषणा करावी लागते. प्रमाणपत्रच नसेल तर ती वस्तू विकू नका, भेट देऊ नका, फोटो टाकून मिरवू नका. वकिलाला विचारून वनविभागाच्या नाशिक कार्यालयात जा. बंदुकीचंही तेच: परवानाधारक गेल्यावर ती घरात तशीच ठेवता येत नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने नवा अर्ज करायचा. "आठवण म्हणून माळ्यावर आहे" हे उत्तर चालत नाही.

आता तुमचा टप्पा, पद्धतीचा. इथे मजा सगळ्यात जास्त आणि नेमकं इथेच लोक लेन्स विकून मोकळे होतात, कारण आधीच्या टप्प्याची साधनं या टप्प्यात अंगावर येतात. पद्धत म्हणजे सावज कुठे येईल हे आधी कळणं. नांदूर मध्यमेश्वरला त्याची किल्ली पाण्याच्या पातळीत आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा हा बंधारा. इथून गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन्ही कालवे निघतात. शंभर वर्षांच्या गाळाने मागचा जलाशय उथळ झालाय, म्हणून तर तिथे दलदल आणि बेटं आहेत. अशा उथळ जागी पाणी वीतभर जरी उतरलं तरी मोठा पट्टा उघडा पडतो. कालव्याला आवर्तन सुटून पातळी घसरली की ओल्या चिखलावर तुतारे आणि चिखले उतरतात, चमचे आणि शराटी कडेने चरतात. पाणी पुन्हा चढलं की ते पांगतात आणि थापटे, तलवार बदकं आत सरकतात. चिखल उघडा पडल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस उत्तम, मग वरचा थर सुकून कडक होतो आणि चोच आत जात नाही. चापडगावच्या वाटाड्यांना किंवा काठावरच्या शेतकऱ्याला आदल्या संध्याकाळी एक फोन करून "पाणी कुठवर आहे?" एवढं विचारलं, तर ते हवामानाच्या कुठल्याही अ‍ॅपपेक्षा जास्त सांगून जातं.

दुसरी किल्ली वारकऱ्यांची, म्हणजे त्या नावाच्या पाणपक्ष्याची. काळ्या अंगावर कपाळी पांढरा टिळा, म्हणून हे नाव. काही जण चांदवा म्हणतात. फोटोवाले त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. पण निरीक्षण मनोऱ्यावर बसून अर्धा तास फक्त वारकऱ्यांकडे बघा. विखरून चरत असतील तर आभाळ मोकळं. एकाएकी माना वर, मग कडेचे आत पोहत येतात, आणि दोन मिनिटांत शंभर-दीडशे पक्ष्यांची एक काळी घट्ट चकती पाण्यावर होते: दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आलाय, तो पाणवनस्पतींवरून खालून येत असेल, म्हणून तुम्हाला अजून दिसलेला नाही. कॅमेरा त्या चकतीवर ठेवा, भोवत्या तिच्याकडेच येणार. कैकर वरून गेला तर तीच मंडळी बहुधा चरत राहतात, मासेखाऊ आहे हे त्यांना ठाऊक असतं. बदकांसकट सगळं एकदम उठलं तर मोठा गरुड, किंवा माणूस. ज्याला हे वाचता येतं त्याला दिवसाला वीस फोटो पुरतात आणि त्यातले सहा ठेवण्यासारखे निघतात.

जवळ जाण्याची रीत बंदूकवाल्या जुन्या शिकाऱ्यांना आपल्यापेक्षा चांगली येत होती, ती घेण्यासारखी आहे. सरळ पक्ष्याच्या दिशेने चालू नका, तिरकं चाला, जणू त्याच्या बाजूने निघून जाताय. डोळे रोखू नका. पक्ष्याची पहिली खूण: खाणं थांबतं, मान उंचावते. तिथेच थांबा आणि खाली बसा, उभं राहू नका. पाच मिनिटांत खाणं पुन्हा सुरू झालं तर आणखी दहा पावलं. नाही झालं तर आलात तसे मागे फिरा, त्या दिवशीचं अंतर तेवढंच. दुसरी खूण म्हणजे अंग वळवून पाठ तुमच्याकडे करणं आणि एक पाऊल दूर टाकणं. तिसरी खूण नसते, तो उडालेला असतो. हिवाळी पाहुण्यांच्या बाबतीत उगाच एकदा उडवणं म्हणजे परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी जाळायला लावणं.

उजेडाचं थोडक्यात. डिसेंबर-जानेवारीत आठपर्यंत पाण्यावर धुकं असतं, आणि दहाच्या पुढे चिखलावरून ऊब वर यायला लागली की ६०० मिमीतून दूरचा पक्षी थरथरता दिसतो. लोक याला लेन्सचा दोष समजून दुरुस्तीला पाठवतात. तो हवेचा दोष आहे, कुठल्याही किमतीच्या लेन्सने जात नाही. अंतर कमी करा किंवा डबा उघडून पोहे खा. गरम गाडीतून काढलेली लेन्सही थंड हवेत पहिली पंधरा मिनिटं अशीच मऊ चित्रं देते, तेव्हा पोचल्या पोचल्या बाहेर काढून ठेवा.

आता शरीराच्या धक्क्यांकडे. यांनाच लोक "हौस संपली" असं नाव देतात, म्हणून प्रत्येकाचं मूळ वेगळं करून बघायला हवं.

खांदा: ६०० मिमी एफ/४ प्रकारची लेन्स तीन ते चार किलो, वर कॅमेरा एक किलो, तिकाटणं (ट्रायपॉड) दोन-तीन किलो. पन्नाशीनंतर हे ओझं वाहून पोचलं की तासभर बसावंसंच वाटणार, त्यात अध्यात्म काही नाही. लेन्स न विकता एक हिवाळा घरीच ठेवा आणि १००-४०० सारखी दीड किलोची लेन्स मित्राकडून किंवा भाड्याने घ्या. फरक तिथे कळेल. जड लेन्स न्यायचीच असेल तर गाडीच्या खिडकीवर पिशवी टाकून वापरा. कापडी पिशवीत दोन-अडीच किलो तांदूळ किंवा ज्वारी, पाऊण भरलेली. गच्च भरली तर लेन्स रुतत नाही, घसरते. धान्य दर हंगामाला बदला, नाहीतर जूनमध्ये पिशवीत पोरकिडे फिरताना दिसतील. थर्माकोलचे मणी हलके, पण प्रत्येक हालचालीला कुरकुरतात आणि जवळचा पक्षी ते ऐकतो.

डोळे: तरुण माणसाची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते, साठीकडे ती पाचाच्या आसपास किंवा कमी राहते. दुर्बिणीच्या भिंगाचा व्यास भागिले पट, एवढ्या जाडीचा उजेड डोळ्याशी येतो: ८x४२ मध्ये सव्वापाच मिलिमीटर, ८x५६ मध्ये सात. म्हणजे तुमच्या वयात ५६ ची जड दुर्बीण घेऊन जास्तीचा उजेड बाहुलीच्या कडेवर वाया जातो. ८x४२ घ्या; १०x४२ हातात जास्त थरथरते. चष्मा असेल तर डोळा आणि भिंग यांतलं अंतर सोळा मिलिमीटर किंवा अधिक ठेवणारी दुर्बीण बघा, नाहीतर कडा काळ्या दिसतात. आणि उजव्या डोळ्याची कडी एकदा नीट लावा: उजवं भिंग झाकून डाव्या डोळ्याने मधल्या चाकाने दूरची पाटी स्पष्ट करा, मग डावं झाकून फक्त कडी फिरवून तीच पाटी उजव्याने स्पष्ट करा. चष्म्याचा नंबर बदलला किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली की हे पुन्हा करायचं. "हल्ली बघून डोकं दुखतं" याचं निम्मं कारण ही एक कडी असते.

कान: वयाबरोबर वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात. फुलटोच्याचा चिकचिकाट, धोबी पक्ष्यांची उडतानाची हाक ऐकू येईनाशी होते आणि माणसाला वाटतं की पक्षीच कमी झाले. मुलाला सोबत नेण्याचं हे एक रोकडं कारण आहे: त्याला ऐकू येतं, तुम्हाला ओळखता येतं.

बटण दाबावंसं वाटत नाही त्यावरचा उपाय: पुढच्या पाच फेऱ्यांत प्रत्येकी ३६ फोटो. रोलच्या काळात एवढेच असायचे. एकेरी शटर, मागचा पडदा बंद, आणि पहिली चाळीस मिनिटं कॅमेरा पिशवीत. त्या चाळीस मिनिटांत वहीत शिसपेन्सिलीने (दवात शाई पसरते) वेळ, वारा, पाणी कुठवर, आणि कोण काय करतंय ते लिहायचं. उभ्या पक्ष्याला १/६४० चं शटर पुरतं, उडत्या बदकाला १/२००० च्या वर हवं. पाचव्या फेरीनंतरही ३६ पैकी वीस शिल्लक राहत असतील तर तुमचा पाचवा टप्पा खरा आहे.

आणि पाचव्या टप्प्यात रिकामं बसणं फार दिवस पुरत नाही, हेही सांगायला हवं. हात मोकळे झाले की त्यांना काम द्या, आणि इथे सगळ्यात चांगलं काम म्हणजे मोजणी. गंमत अशी की दुसऱ्या टप्प्यातली आकड्याची भूक इथे परत येते, पण आता आकडा तुमचा नसतो, पाणथळीचा असतो. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. तिला मोजता येणारी माणसं कायम कमी पडतात. यादी २६० ची असणाऱ्या अनेकांना थवा मोजता येत नाही.

रीत अशी. आधी दहा बदकं एक-एक मोजा आणि दुर्बिणीतल्या दृश्यात ती किती जागा घेतात ते डोळ्यात ठेवा. तसे पाच तुकडे म्हणजे पन्नासचा ठोकळा. मग डावीकडून उजवीकडे, एखादं बाभळीचं झाड किंवा खांब खूण धरून, ठोकळे टाकत जा. तीनदा मोजा, मधला आकडा लिहा, सरासरी नको. मिश्र थवा असेल तर आधी एकूण, मग त्यातल्या कुठल्याही सलग शंभर पक्ष्यांची फोड. समजा एकूण १,२०० आणि शंभरात ६२ थापटे, २५ तलवार, १३ इतर, तर ७४४, ३०० आणि १५६. ही फोड थव्याच्या मध्यात आणि कडेला अशी दोनदा घ्या, कारण जाती कडेला एकगठ्ठा बसतात. चुका ठरलेल्या आहेत: नवा माणूस मोठा थवा नेहमी कमी मोजतो; बुडी मारणारी बदकं एका वेळी बरीच पाण्याखाली असतात, म्हणून त्यांना दोन-तीन मिनिटं देऊन सर्वांत मोठा आकडा धरायचा; आणि उडालेला थवा पुढच्या मनोऱ्यावर दुसऱ्यांदा मोजला जातो, तेव्हा उडाल्याची वेळ आणि दिशा लिहून ठेवायची. नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना जातीपुढे नुसता "एक्स" (म्हणजे दिसला, पण मोजला नाही) लिहू नका, अंदाजे का होईना आकडा लिहा. मोजणी एकाच जागेवरून, एकाच वेळेला, महिन्यातून दोनदा झाली तरच कामाची. वर्षभरात चोवीस नोंदी.

मुलाचं. तो पहिल्या टप्प्यात आहे आणि त्याला तिथे राहू द्या. पंधराव्या वर्षी "शांत बस, निरीक्षण कर" असं सांगितलं की तो दुसऱ्या फेरीला येत नाही. सलीम अलींची सुरुवातही छऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडण्यातून झाली होती. ती पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखायला ते मुंबईच्या बीएनएचएसमध्ये (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) गेले आणि तिथल्या मिलर्डनी त्यांना हाकलून न देता कपाटं उघडून दाखवली. तुमचं काम त्या मिलर्डचं. त्याला ८x३२ ची हलकी दुर्बीण द्या आणि जुना कॅमेरा, लांब लेन्स नको. पहिल्या फेऱ्यांना नांदूरचे मनोरे नकोत, तिथे पक्षी दूर असतात आणि पोराला ठिपके दिसतात. गंगापूर धरणाच्या कडेने किंवा गावाजवळच्या पाझर तलावावर न्या, जिथे बगळे आणि शेकाटे तीस-चाळीस मीटरवर असतात. फेरी दोन तासांची, नाश्ता धरून. फोटो हवे तेवढे काढू दे, पळू नको एवढं एकच बंधन, आणि ते वर सांगितलेल्या मान उंचावण्याच्या खुणेशी बांधा: "मान वर गेली की तू आउट." क्रिकेट खेळणाऱ्या पोराला हे लगेच कळतं. सात-आठ फेऱ्यांनंतर त्याला यादीचं वेड लागेल, मग तुमच्यापेक्षा जास्त जाती करायच्या हट्टाला पेटेल. पेटू दे. घरट्यांचा मोसम येईल तेव्हा मात्र त्याचा कॅमेरा तुमच्या कपाटात.

लेन्सचं मार्चमध्ये ठरवा म्हटलं ते यासाठी: तोवर ३६ फोटोंच्या पाच फेऱ्या, हलकी लेन्स आणि एक गणना एवढं झालेलं असेल. विकायची ठरली तर पावसाळ्याच्या आधी विका. जून ते सप्टेंबर बंद पेटीत राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते आणि गिऱ्हाईक मोबाइलचा टॉर्च मागून मारून आधी तेच बघतं: आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की भाव कोसळतो. ठेवायची ठरली तर हवाबंद डब्यात सिलिका जेल, आर्द्रता ४० ते ५० टक्के, आणि महिन्यातून एकदा डबा उघडून लेन्स अर्धा तास उजेडात. सिलिका जेल निळ्याचं गुलाबी झालं की कढईत मंद आचेवर, पुन्हा निळं होईपर्यंत परतून घ्या. ती कढई मग स्वयंपाकाला वापरू नका.